लावणे, देणे, घेणे, ठेवणे : इंग्रजीत हेतू आणि कारण कसे सांगावे

‘मी काल केस कापले’ हे वाक्य ऐकून मराठी माणसाला कोणताही प्रश्न पडत नाही. केस सलूनमधल्या कारागिराने कापले, आपण खुर्चीत बसून राहिलो आणि शेवटी पैसे दिले, हे सगळे त्यात गृहीत असते. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेऊन ‘आय कट माय हेअर’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आरशासमोर कात्री घेऊन उभा राहिलेला माणूस येण्याचा संभव असतो, आणि ऐकणारा सभ्य असेल तर तो फक्त एकदा आपल्या डोक्याकडे बघून घेतो. बोलण्याच्या ओघात काही इंग्रजी भाषकही असे म्हणून जातात. पण नीट बोलणारा ‘आय हॅड माय हेअर कट’ किंवा ‘आय गॉट माय हेअर कट’ असे म्हणतो, कारण तेथे कात्री दुसऱ्याची आणि इच्छा आपली असते.

ही अडचण शब्दसंग्रहाची नाही. हॅव, गेट, मेक, लेट, कीप ही क्रियापदे पाचवीतल्या मुलालाही माहीत असतात. अडचण अशी आहे की मराठीत ‘घडवून आणणे’ हा अर्थ बऱ्याचदा क्रियापदाच्या पोटातच असतो. हसणे-हसवणे, बसणे-बसवणे, शिकणे-शिकवणे, पिणे-पाजणे, पडणे-पाडणे अशा जोड्यांना आपण शाळेत प्रयोजक क्रियापदे म्हणून शिकलो. (तोच ‘व’ शक्य क्रियापदातही येतो, ‘मुलाला घोड्यावर चढवले’ आणि ‘आता मला जिना चढवत नाही’ या दोन वाक्यांतील ‘व’ दिसायला सारखा, पण एक दुसऱ्याला कामाला लावतो आणि दुसरा आपले गुडघे दुखतात हे सांगतो.) इंग्रजीजवळ असा सर्वत्र चालणारा प्रत्यय नाही. तिला घडवून आणण्याचा अर्थ बहुधा क्रियापदाच्या बाहेर, एका वेगळ्या लहानशा क्रियापदात ठेवावा लागतो, आणि ते क्रियापद निवडताना कोणाच्या इच्छेने काम झाले हेही त्याच वेळी सांगावे लागते. म्हणून ‘करवणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, असा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही.

सुदैवाने मराठीतच दुसरी एक सोय आहे, आणि या लेखाचा सारा भर तिच्यावर आहे. आपण ‘करायला लावणे’, ‘करू देणे’, ‘करून घेणे’ आणि ‘करत ठेवणे’ असेही म्हणतो. ही चार जोडकामाची क्रियापदे इंग्रजीच्या मेक, लेट, गेट किंवा हॅव, आणि कीप यांच्या बरीच जवळ जातात. तेव्हा इंग्रजी वाक्य जुळवण्यापूर्वी आपले मराठी वाक्य मनात या चारांपैकी एकात बसवून पाहावे. बहुतेक वेळा त्यातून उत्तर मिळते; कोठे मिळत नाही आणि का मिळत नाही, ते पुढे पाहू.

इच्छा कोणाची, हे आधी विचारावे

‘लावणे’पासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. ‘बाईंनी मला धडा पुन्हा लिहायला लावला’ याचे ‘द टीचर मेड मी राइट द लेसन अगेन’ हे रूप अगदी बरोबर आहे. येथे मेकनंतर माणूस येतो आणि त्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप, टू न लावता. ‘मेड मी टू राइट’ ही आपल्याकडची फार सर्रास आढळणारी चूक आहे. तिच्यात एक गंमत मात्र आहे. सतराव्या शतकातील इंग्रजीत मेकनंतर टू आढळतो, आणि आजही वाक्य कर्मणी केले की तो टू परत येतो : ‘आय वॉज मेड टू राइट द लेसन अगेन’. म्हणजे कर्तरी प्रयोगात टू नाही आणि कर्मणी प्रयोगात तो हवाच, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

खरा घोटाळा अर्थाचा आहे. मराठीतील ‘लावणे’ सौम्यही असू शकते. एखादा ग्राहक फोनवर म्हणतो की साहेबांशी बोलायचे आहे, आणि आपण सहज म्हणतो, ‘मी त्यांना तुम्हाला फोन करायला लावतो.’ यात जबरदस्ती कोणालाही दिसत नाही. पण ‘आय विल मेक हिम कॉल यू’ असे लिहिले, तर साहेब फोन करायला तयार नाहीत आणि आपण त्यांचा हात पिरगाळून तो करवणार आहोत, असा वास त्या वाक्याला येतो. कार्यालयीन पत्रव्यवहारात ही चूक वाचली की मला त्या साहेबांची काळजी वाटते. येथे ‘आय विल हॅव हिम कॉल यू’ असे म्हणावे, म्हणजे ती त्यांच्या कामाच्या रीतीतलीच गोष्ट आहे आणि आपण फक्त निरोप देणार आहोत असा अर्थ निघतो. ‘आय विल गेट हिम टू कॉल यू’ म्हटले तर थोडी खटपट करावी लागेल, पण मी ते जमवीन, अशी छटा येते. आणि ज्याला कोणतीही छटा नको असेल त्याने ‘आय विल आस्क हिम टू कॉल यू’ म्हणावे. कनिष्ठाने वरिष्ठाविषयी लिहिताना हेच सर्वांत सुरक्षित. हॅवचे हे रूप अमेरिकी इंग्रजीत अधिक रुळलेले आहे, तर ब्रिटिश बोलण्यात त्या जागी गेट किंवा आस्क अधिक ऐकू येते. आणखी एक फरक कान देऊन लक्षात ठेवावा : हॅव हिम कॉल यात टू नाही, गेट हिम टू कॉल यात टू आहे.

मग मेक नेहमीच जबरदस्तीचे असते का? तसे नाही. ‘त्याने मला हसवले’ हे ‘ही मेड मी लाफ’ असेच होते आणि त्यात कसलीही सक्ती नसते. येथे पाहायचे ते पुढच्या क्रियापदाकडे. हसणे, रडणे, शिंकणे, दचकणे, घाम येणे या क्रिया आपोआप घडतात. त्या करायच्या की नाहीत हे माणूस ठरवत नाही, म्हणून तेथे मेक फक्त कारण सांगते. लिहिणे, फोन करणे, माफी मागणे, उभे राहणे या क्रिया माणूस ठरवून करतो, आणि तेथे कर्ता माणूस असताना मेक वापरले की त्याच्या इच्छेविरुद्ध असा अर्थ येतो. आपोआप घडणारी क्रिया की मनाने करायची क्रिया, हा एक प्रश्न विचारला की मेकचे निम्मे कोडे सुटते. विशेषणाच्या बाबतीत तर टू, फील यांसारख्या मधल्या शब्दांची गरजही नसते : ‘त्या बातमीने मी खिन्न झालो’ हे ‘द न्यूज मेड मी सॅड’ एवढ्यातच संपते.

‘देणे’ आणि लेट यांचे नाते जास्त सरळ आहे. ‘त्याला जाऊ दे’ म्हणजे ‘लेट हिम गो’. ‘मला बोलू द्या’ म्हणजे ‘लेट मी स्पीक’. स्वयंपाकाच्या कृतीत आपण ‘पाणी उकळू द्या’, ‘पीठ अर्धा तास भिजू द्या’ असे लिहितो, तेथेही इंग्रजी अगदी आपल्याच रीतीने लेट वापरते. लेटनंतरही टू येत नाही. मात्र अलाऊ आणि परमिट या त्याच्या औपचारिक भावंडांना टू लागतो, आणि लेट कर्मणीत सहसा जात नाही. ‘मला आत जाऊ दिले नाही’ याला ‘आय वॉज नॉट अलाउड टू गो इन’ असे अलाऊच्या आश्रयाने म्हणावे लागते. (उशीर या अर्थाचा आपला रोजचा ‘लेट’ हा शब्द वेगळा आहे, हे सांगायला नको; तरी वर्गात ‘लेट मी’ म्हटल्यावर उशिरा आलेले दोन विद्यार्थी हमखास हसतात.)

आता ‘घेणे’. ‘गाडी दुरुस्त करून घेतली’, ‘दाढ काढून घेतली’, ‘कागदपत्रे साक्षांकित करून घेतली’ या साऱ्यांत काम दुसऱ्याने केले आणि ते आपल्याला हवे होते. इंग्रजीत क्रम असा ठेवावा : हॅव किंवा गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. ‘आय हॅड द कार रिपेअर्ड’, ‘शी गॉट हर टूथ टेकन आउट’. वस्तू मध्ये यायलाच हवी. ‘आय हॅड रिपेअर्ड द कार’ असा क्रम बदलला की अर्थच उलटतो. मग गाडी मी स्वतःच आधी दुरुस्त केली होती, असा पूर्ण भूतकाळ होतो. एका शब्दाची जागा बदलल्याने मेकॅनिक वाक्यातून नाहीसा होतो. हॅव आणि गेट यांत गेट थोडे अधिक बोलीतले आहे आणि त्यात धडपडीचा अंश असतो. ‘आय फायनली गॉट माय पासपोर्ट रिन्यूड’ या वाक्यामागे रांग, फोटो आणि परत पाठवलेला अर्ज दिसतो. तेथे हॅड चालला असता, पण रांग दिसली नसती.

‘घेणे’च्या बाबतीत दोन इशारे द्यावे लागतात. पहिला असा की मराठीत प्रत्येक ‘करून घेणे’ म्हणजे दुसऱ्याकडून करवणे नव्हे. ‘जेवून घे’, ‘वाचून घे’, ‘आंघोळ करून घे’ यांत घेणे म्हणजे स्वतःपुरते उरकणे. त्याचे गेटने भाषांतर करायला गेलो तर ‘गेट ईटन’ असे होईल, आणि त्याचा अर्थ ‘कोणाच्या तरी तोंडी जा’ असा आहे. दुसरा इशारा याच्या उलट बाजूचा. इंग्रजीत हीच रचना अनिष्ट घटनेसाठीही वापरतात. ‘आय हॅड माय वॉलेट स्टोलन’ म्हणजे मी पाकीट चोरवून घेतले असे नव्हे, माझे पाकीट मारले गेले. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे त्याचे बोट दारात सापडले. साचा अगदी एकच असून इच्छा होती की नव्हती हे फक्त प्रसंगावरून कळते. केस कापून घेतले जातात आणि पाकीट मारले जाते, एवढे जगाचे ज्ञान ऐकणाऱ्याला आहे यावर इंग्रजी येथे विसंबून राहते.

‘ठेवणे’ आणि कीप यांची जोडी मला सर्वांत आवडते, कारण येथे भाषांतर करावेच लागत नाही. ‘त्याने मला ताटकळत ठेवले’ हे ‘ही केप्ट मी वेटिंग’ असे जसेच्या तसे उतरते, आपला ‘-त’ आणि त्यांचा ‘-इंग’ यांसह. घटना घडवली याहून ती चालू राहू दिली, यावर दोन्ही भाषांत भर आहे. हेल्पविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ‘शी हेल्प्ड मी फाइंड द हाउस’ आणि ‘शी हेल्प्ड मी टू फाइंड द हाउस’ ही दोन्ही रूपे चालतात.

या लहान क्रियापदांची गरजच नसते अशाही जागा आहेत. इंग्रजीत काही जुन्या जोड्या आपल्या पडणे-पाडणेसारख्या आहेत : फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे झाड पाडणे, सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे, राइज म्हणजे उठणे आणि रेज म्हणजे उचलणे, लाय म्हणजे पडून राहणे आणि ले म्हणजे आडवे ठेवणे. जुन्या जर्मानिक भाषांत प्रयोजकाचा एक प्रत्यय होता, त्याने झालेल्या स्वरबदलाच्या या उरलेल्या खुणा आहेत. शेवटची जोडी तर इंग्रजी मातृभाषकांनाही चकवते, कारण लायचे भूतकाळी रूप ‘ले’ हेच होते. याहून कितीतरी मोठा गट एकाच रूपात दोन्ही अर्थ बाळगणाऱ्या क्रियापदांचा आहे. आपण उकळणे-उकळवणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, उडणे-उडवणे, फिरणे-फिरवणे असे रूप बदलतो. इंग्रजीत पाणीही बॉइल होते आणि आपणही पाणी बॉइल करतो, पतंगही फ्लाय होतो आणि मुलगाही पतंग फ्लाय करतो. कुत्र्याला फिरवणे हे ‘वॉक द डॉग’, गुरांना पाणी पाजणे हे ‘वॉटर द कॅटल’. अशा ठिकाणी उगाच मेक घालू नये. ‘ही स्टॉप्ड द कार’ म्हणजे त्याने गाडी थांबवली, स्वतः ब्रेक दाबून. ‘ही मेड द कार स्टॉप’ म्हणजे गाडी थांबायला लावली, बहुधा रस्त्यात हात दाखवून. मराठीतही हा फरक तंतोतंत असाच असल्यामुळे शंका आली की ‘थांबवली’ की ‘थांबायला लावली’, एवढे स्वतःला विचारावे.

‘मुळे’ बाजूला ठेवावे

व्याकरणाची एकही चूक नसलेले इंग्रजी लिहूनही ते भाषांतरासारखे वाटते, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचे एक मोठे कारण ‘मुळे’ हा प्रत्यय आहे. मराठीत निर्जीव कारण सहसा कर्त्याच्या खुर्चीत बसत नाही. ते ‘मुळे’ किंवा ‘ने’ लावून बाजूला उभे राहते. ‘पावसामुळे आम्हाला जाता आले नाही’, ‘या गोळीने झोप येते’, ‘तिखटाने मला घाम फुटतो’. आपण यांतील प्रत्येकाचे ‘बिकॉज ऑफ’ने भाषांतर करतो. ते चूक नसते, पण रोजच्या इंग्रजीची सवय पावसालाच खुर्चीत बसवण्याची आहे : ‘द रेन केप्ट अस फ्रॉम गोइंग’, ‘धिस टॅब्लेट विल मेक यू स्लीपी’, ‘स्पायसी फूड मेक्स मी स्वेट’. येथेही तीच लहान क्रियापदे कामाला येतात. ‘मुळे’ आणि पुढे आपोआप घडणारी क्रिया असेल तर मेक. ‘मुळे’ आणि पुढे ‘-ता येते’ असेल तर लेट किंवा अलाऊ. ‘मुळे’ आणि पुढे ‘-ता आले नाही’ असेल तर स्टॉप, कीप किंवा प्रिव्हेंट आणि त्यानंतर बहुधा फ्रॉम. ‘मासिक पासमुळे कोठेही उतरता येते’ हे ‘द मंथली पास लेट्स यू गेट ऑफ एनीव्हेअर’ असे झाले की त्यातील भाषांतराचा वास जातो.

प्रश्नार्थक वाक्यांत हा फरक अधिक ठळक होतो. ‘तुला असं का वाटतं?’ हे ‘व्हाय डू यू थिंक सो’ असे विचारता येते, पण त्यात किंचित उलटतपासणी असते. ‘व्हॉट मेक्स यू थिंक सो’ यात कारण बाहेर कोठे तरी आहे असे धरले जाते आणि समोरच्याला अवघडल्यासारखे होत नाही. दारात अवचित पाहुणे आले की आपण ‘काय, आज इकडे कुठे?’ असे विचारतो. इंग्रजीत त्या जागी ‘व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर’ असे म्हणतात, जणू काही एखादी वस्तूच त्यांना उचलून घेऊन आली. अशा वेळी ‘व्हाय हॅव यू कम’ असे विचारणारा मराठी माणूस मनाने कितीही अगत्यशील असला, तरी पाहुणा परत फिरण्याचा धोका असतो.

येथेच कॉज या क्रियापदाविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. पाठ्यपुस्तकात कारण या अर्थाने हा शब्द आधी भेटतो, म्हणून आपण तो सर्वत्र वापरतो. परंतु कॉजच्या पाठोपाठ बहुधा वाईट गोष्टी येतात : अपघात, विलंब, नुकसान, वेदना, गोंधळ. भाषावैज्ञानिक मायकेल स्टब्ज यांनी १९९५ मध्ये मोठ्या भाषासंग्रहांच्या आधारे हा कल दाखवून दिला होता. त्यामुळे ‘युअर विझिट कॉज्ड अस ग्रेट जॉय’ हे वाक्य व्याकरणात बसते आणि तरीही कानाला टोचते. मराठीत ‘आपल्या भेटीमुळे आमच्यावर आनंद ओढवला’ असे म्हटल्यावर टोचेल, तसेच. आनंदासाठी ब्रिंग किंवा गिव्ह वापरावे आणि कॉज विलंबासाठी राखून ठेवावे.

हेतू सांगताना : ‘ला’, ‘साठी’ आणि ‘म्हणून’

हेतूच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. ‘बाजाराला गेलो’ आणि ‘भाजी आणायला गेलो’ या दोन्हींत एकच ‘ला’ आहे. जुन्या लेखनातील ‘आणावयास’ या रूपात तोच विभक्तीचा अर्थ ‘स’ने येतो. इंग्रजीतही ‘टू द मार्केट’ आणि ‘टू बाय’ यांतील टू मुळात एकच. प्राचीन इंग्रजीत दिशा दाखवणाऱ्या या अव्ययापुढे क्रियापदाचे चतुर्थीसारखे रूप येई आणि त्यातून हेतू कळे. तेव्हा ‘-ायला’ दिसले की टू, हा नियम निर्धास्तपणे पाळावा : ‘आय वेंट टू बाय व्हेजिटेबल्स’.

चूक होते ती ‘-ण्यासाठी’ने. ‘साठी’ म्हणजे फॉर हे डोक्यात इतके पक्के बसलेले असते की ‘आय वेंट फॉर बायिंग व्हेजिटेबल्स’ किंवा त्याहून वाईट ‘फॉर टू बाय’ असे तोंडातून निघून जाते. फॉर नामापुढे ठेवावा : ‘आय वेंट फॉर व्हेजिटेबल्स’. क्रियापदाच्या इंग रूपापुढे तो तेव्हाच ठेवावा, जेव्हा आपण एखाद्या वस्तूचा उपयोग सांगत असतो : ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड’, ही सुरी पाव कापण्याची. कोण कशासाठी गेला याला टू, कोणती वस्तू कशासाठी आहे याला फॉर. याला अपवाद जाण्याच्या काही ठरीव प्रयोगांचा आहे : पोहायला जाणे हे ‘गो स्विमिंग’, खरेदीला जाणे हे ‘गो शॉपिंग’, आणि फिरायला जाणे हे ‘गो फॉर अ वॉक’. ते तसेच पाठ करावेत. ‘चहा प्यायला थांबलो’ आणि ‘चहा प्यायचे थांबवले’ यांतील फरक इंग्रजीत ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ आणि ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ असा टूवरच अवलंबून असतो. डॉक्टरांशी बोलताना या दोहोंत गल्लत करू नये.

दोन कर्ते असले की टू एकटा पुरत नाही. ‘मी खिडकी उघडली, मांजराला बाहेर जाता यावे म्हणून’ यात उघडणारा मी आणि जाणारे मांजर. त्याला ‘आय ओपन्ड द विंडो सो दॅट द कॅट कुड गो आउट’ असे म्हणावे, किंवा थोडक्यात ‘फॉर द कॅट टू गो आउट’. पहिले क्रियापद भूतकाळी असेल तर सो दॅटनंतर कुड किंवा वुड, वर्तमानकाळी असेल तर कॅन किंवा विल. नकारात्मक हेतूला नुसता ‘नॉट टू’ बहुधा अपुरा पडतो. ‘बाळ उठू नये म्हणून मी हळू बोललो’ याला ‘सो ॲज नॉट टू वेक द बेबी’ किंवा ‘सो दॅट द बेबी वुडन्ट वेक’ असे म्हणावे.

आणि आता ‘म्हणून’. हा शब्द मराठीत दोन अगदी वेगळी कामे करतो. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात तो घडून गेलेले कारण सांगतो, तर ‘पावसात भिजू नये म्हणून थांबलो’ यात पुढचा हेतू. इंग्रजी ही दोन कामे वेगळ्या शब्दांकडे देते : पहिल्याला ‘इट रेन्ड, सो आय वेटेड’, दुसऱ्याला ‘आय वेटेड सो दॅट आय वुडन्ट गेट वेट’ किंवा ‘आय वेटेड सो ॲज नॉट टू गेट वेट’. कोणता ‘म्हणून’ कोणता, हे ओळखण्याची खूण आपल्याच क्रियापदात आहे. ‘म्हणून’च्या आधी ‘-आवा, -आवी, -आवे’ किंवा ‘-ऊ नये’ असे रूप असेल तर तो हेतू. आला, गेला, आहे, होता असे साधे रूप असेल तर ते कारण. ही खूण मला फार उशिरा सुचली, पण तेव्हापासून सो आणि सो दॅट यांत माझी गल्लत झालेली नाही.

एक उतारा सोडवून पाहू

सरावासाठी वेगळी वाक्ये शोधण्याची गरज नाही. घरातला एक सामान्य दिवस पुरतो. समजा, आपल्याला हे सांगायचे आहे : ‘रविवारी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला. प्लंबरने आम्हाला बारापर्यंत ताटकळत ठेवले. फरशीवर पाणी सांडू नये म्हणून मी खाली बादली ठेवली. मुलाला ती धरायला लावली. तो कुरकुरत होता. शेवटी त्याला खेळायला जाऊ दिले. ड्रिलच्या आवाजाने बाळ उठले.’

पहिल्या वाक्यात ‘करून घेतला’ आहे, काम दुसऱ्याचे आणि वस्तू मध्ये : ‘ऑन संडे वी हॅड द किचन टॅप रिपेअर्ड’. दुसऱ्यात ठेवणे आहे, म्हणून कीप आणि इंग : ‘द प्लंबर केप्ट अस वेटिंग टिल ट्वेल्व्ह’. तिसऱ्यात ‘-ऊ नये म्हणून’ आहे, म्हणजे हेतू, आणि सांडणारे पाणी व बादली ठेवणारा मी हे दोन वेगळे कर्ते आहेत. तेव्हा ‘आय पुट अ बकेट अंडरनीथ सो दॅट द वॉटर वुडन्ट स्पिल ऑन द फ्लोअर’. चौथ्यात लावणे आहे, धरणे ही मनाने करायची क्रिया आहे आणि मुलगा कुरकुरत होता, म्हणजे त्याची इच्छा नव्हती. येथे मेक हक्काने बसते : ‘आय मेड माय सन होल्ड इट’. तो आनंदाने धरायला तयार झाला असता, तर ‘आय हॅड माय सन होल्ड इट’ किंवा ‘आय गॉट माय सन टू होल्ड इट’ म्हणावे लागले असते. सहाव्यात एकाच वाक्यात देणे आणि ‘-ायला’ दोन्ही आहेत : ‘इन द एंड आय लेट हिम गो आउट टू प्ले’, लेटनंतर टू नाही, हेतूच्या जागी टू आहे. सातव्यात ‘आवाजाने’ हे आपल्याकडे बाजूला उभे आहे, त्याला खुर्चीत बसवायचे. मेकची गरज नाही, कारण वेक हे उठणे आणि उठवणे या दोन्ही अर्थांनी चालते : ‘द नॉइज ऑफ द ड्रिल वोक द बेबी’.